निरोगी रक्त

कधीकाळी केळीबागांत मारलेलं कीटकनाशक आमच्या मार्तिनिक या फ्रेंच बेटावरच्या कॅन्सरच्या रोग्यांच्या रक्तात किती उरलंय, ते आम्ही मोजत होतो. तुलनेसाठी निरोगी रक्त लागतं. ते नेहमीप्रमाणे प्रयोगशाळेतल्या आम्ही सगळ्यांनीच दिलं. कुणाला साधी सर्दीही नव्हती.

आकडे आले. रोग्यांचे आणि आमचे जवळजवळ सारखेच.

"यंत्र बिघडलंय," मी म्हणाले.

"दोनदा तपासलं, पोरी. यंत्राला काही झालेलं नाही," यंत्र सांभाळणाऱ्या सोलांजताई म्हणाल्या.

जेवायची वेळ झाली होती. त्यांनी डबा उघडला. परसातल्या, जुन्या केळीबागेच्या मातीतल्या अळकुड्या उकडून आणल्या होत्या. आम्ही वाटून खाल्ल्या.

मग मी पॅरिसच्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलं : "निरोगी रक्त तिकडूनच पाठवा. इथे मिळत नाही."