सगळ्यांच्या शेवटी

खुर्चीवर बसायची रुपाला लाजच वाटायची. परवापरवापर्यंत ती मुरबाडजवळच्या याच शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसून भेंडी निवडत होती आणि आता त्यांचीच सुपरवायझर झाली होती. म्हणून तिने मनाशी ठरवून टाकलं. आधीचा साहेब कामं सांगून लवकर पळायचा. आपण तसं वागायचं नाही, सगळ्या बायका निघाल्याशिवाय खुर्ची सोडायची नाही.

पण संध्याकाळी टेम्पो भरून गेला तरी बायका हलायच्या नाहीत. झाडलेली जमीन पुन्हा झाडायच्या, रचलेले क्रेट पुन्हा रचायच्या. त्यांना कामाची एवढी ओढ आणि आपण कसं उठायचं, या विचाराने रुपाही बसून राहायची. शेवटी अंधार पडला की नाइलाजाने उठून शेड बंद करायची.

एकदा ती तशीच बहिणीकडे टोकावड्याला निघाली. पुढे रस्त्याच्या कडेने शेडमधली सावळी आणि आणखी तिघीचौघी चालत जाताना दिसल्या. रुपाने स्कूटी थांबवली. घरी तान्हं पोर असलेल्या सावळीचा पदर दुधाने भिजला होता.

"एसटी चुकली का गो?"

"रोजच चुकते, म्याडम."

"मग काम संपल्यावर लगेच निघायचं ना."

सावळीने पदर सारखा केला.



"तुमी खुर्चीत बसलेल्या असताना आमी कशा जानार? पयला साहेब लवकर पळायचा, तवा गाडी मिळायची."