तिसरा सिलिंडर

मोटारीने गोमाई नदी ओलांडली, पण लोणखेड्याच्या काठावरचा चढ तिला चढवेना. अर्ध्यावर जाऊन थरथरायची आणि मागे घसरायची. आत मुंडावळ्या बांधलेला रतिलाल आणि त्याची आत्या सिंधुबाई. मागे बैलगाड्यांतून वऱ्हाड.

"बैलं जुपा रे. मोटारले ओढीसन लई जाऊत," रतिलालचे वडील हिंमतराव म्हणाले आणि स्वतःच दोर सोडू लागले. लग्न गोरज मुहूर्तावर होतं आणि ऊन कलायला लागलं होतं.

बैलांनी ओढलेल्या मोटारीतून नवरीच्या दारात उतरायचं? रतिलालने खाली उडी मारली. "नाना, जरासं थांबा."

ड्रायव्हर बशीर तोवर इंजिनावर वाकला होता. महिनाभर तो आणि रतिलाल याच दुखण्याच्या मागे होते. ओझं पडलं, की चारांतला तिसरा सिलिंडर गप्प व्हायचा, आज तर उभ्या मोटारीतही. बशीरने लाकडी मुठीच्या पेचकसाने एकेका प्लगची ठिणगी तोडून पाहिली. पहिल्याला इंजिन लंगडलं, दुसऱ्याला लंगडलं. तिसऱ्याला काहीच फरक नाही. मग त्याने तिसऱ्याचा प्लग काढून दुसऱ्याला लावला. दुसरा चालला, तिसरा मेलेलाच.

"प्लग चांगला शे. वायर ते कालदिन नवी टाकी," बशीर म्हणाला. "ठिणगी वाटमाच कोठेतरी पळी ऱ्हायनी. पन ह्या उनमा दिसाव नही."

रतिलालने आत्याला उठवून तिच्याखालची गोधडी ओढली. चालत्या इंजिनावर गोधडी पसरून दोघांनी आत डोकी खुपसली. बाहेर वऱ्हाडातलं कुणीतरी हसलं.

आत काळोख, पेट्रोलचा वास, कानाशी इंजिनाचा धडधडाट. आणि मग ती दिसली. चारही सिलिंडरांना ठिणगी वाटून देणाऱ्या काळ्या टोपीला केसाएवढी चीर गेली होती आणि त्या चिरेतून निळी ठिणगी सरसर लोखंडाकडे पळत होती.

"दिसनी का?" रतिलालने विचारलं.

"दिसनी," बशीर म्हणाला, आणि अंधारातच त्याने नवरदेवाला मिठी मारली.

"चीर खरडीसन लाख भरनी पडी," गोधडीतून बाहेर येत तो म्हणाला. "पन आठे लाख कोठे?"

सिंधुबाईने मनगटाकडे पाहिलं. तिच्या बांगड्या लाखेच्या होत्या. बायका कुजबुजल्या. लग्नाच्या दिवशी सवाष्णीची बांगडी? तिने एक अलगद उतरवून बशीरच्या हातावर ठेवली. गाडीवानाच्या चिलमीतल्या निखाऱ्यावर पेचकस तापला, लाख मऊ झाली, चिरेत उतरली.

"फुटनी नही, पाघळनी," सिंधुबाईने बायकांना सुनावलं आणि ती मोटारीत जाऊन बसली.

बशीरने हँडल मारलं. रतिलालही आत चढला. चारही सिलिंडर एका सुरात बोलू लागले. मोटार चढाला लागली, अर्ध्याच्या पुढे गेली, काठावर पोचली. माथ्यावर वऱ्हाडासाठी थांबायला बशीरने ब्रेककडे पाय नेला.

"ऱ्हाऊ दे, चालू दे," रतिलाल म्हणाला.

खाली हिंमतराव हातात दोर धरून उभेच होते. धुरळा खाली बसेपर्यंत ते आवाज ऐकत राहिले. मग घाईघाईने गाडीत चढले.

"हाक रे," ते गाडीवानाला म्हणाले, "नही ते आपलाबिगर लगीन लागी जाई."