लेटेस्ट व्हर्जन

"सगळं लेटेस्ट टाका हं, दिगंबरराव. पाहुणे खाली चहा घेतायत," हर्डीकर सर म्हणाले.

लॅबमधल्या लिनक्स मशीनवर दिगंबरने नव्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर टाकला. आता त्या कार्डावर प्रोग्राम चालवायची टूल्स राहिली होती. सरांचा गाजलेला प्रोग्राम जुन्याच टूल्सवर चालतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कारण तो त्याच्या बायकोने, शैलजाने लिहिला होता. तिला जाऊन महिना होतो न होतो, तोच सरांनी तिचं नाव खोडून स्वतःचं घातलं होतं.

"लेटेस्टच ना, सर?" त्याने विचारलं.

"एकदा सांगून कळत नाही का?"

त्याने लेटेस्ट टाकलं.

पाहुण्यांसमोर सरांनी ऐटीत एंटर दाबलं. स्क्रीनभर चुकांच्या ओळी उमटल्या. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

"तुमचाच प्रोग्राम ना? करा की दुरुस्त, आम्ही थांबतो," पाहुण्या बाई हसून म्हणाल्या.

सरांनी फाइल उघडली आणि ते ती नुसतीच वरखाली करत राहिले.

"दिगंबरराव, बघता का जरा?"

दिगंबर जागचा हलला नाही. याच दिवसासाठी तो वर्षभर या नोकरीला चिकटून होता.

"मला नाही जमायचं, सर. लिहिणारीला जमलं असतं."

"लिहिणारी? कोण?" बाईंनी वळून विचारलं.

सर खोकले. दिगंबरने तिचं पूर्ण नाव सांगितलं. बाईंनी वही काढली, तेव्हा पुन्हा एकदा, सावकाश.