लिआन देव्हालची ‘नावाडीण’

"मी येत नाही," लिआनने तिसऱ्यांदा सांगितलं आणि टोपी पलंगावर फेकली.

फिर्मिनने ती उचलली, झटकली आणि पुन्हा तिच्या हातात दिली. "पावणेदोन झाले, मादाम. ऑब्रेसाहेब खाली टॅक्सी थांबवून उभे आहेत."

"राहू देत उभे. पंचवीस वर्षं कुणी कुत्र्याने विचारलं नाही, आता कसली एवढी घाई?"

लिआन देव्हाल चौऱ्याहत्तर वर्षांची होती. एके काळी पॅरिसच्या भिंतीभिंतीवर हिचं तोंड चिकटवलेलं असायचं. मग चित्रपट बोलायला लागले आणि हिला कुणी बोलावेना. नवरा गुस्ताव्ह गेला, मोठं घर गेलं. उरल्या या दोन खोल्या आणि फिर्मिन. फिर्मिन स्टुडिओत कपडे शिवायला होती. लिआनकडे चार दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. घरातलं सूप तीच करायची आणि ते खारट झालं म्हणून बोलणीही तीच खायची.

ऑब्रे हा जुन्या फिल्मा गोळा करून जपणारा तरुण. बहुतेक मूकपट केव्हाच वितळवून त्यांचे कंगवे नि बटणं झाली होती. पण नॉर्मंडीतल्या एका मठाच्या माळ्यावर त्याला ‘नावाडीण’ची प्रत मिळाली. साल १९१६, नायिका लिआन, दिग्दर्शक गुस्ताव्ह देव्हाल. हा पठ्ठ्या लष्कराचे कागद उकरत बसला, आणि निघालं काय? ज्या उन्हाळ्यात मार्न नदीवर चित्रण झालं, तो अख्खा उन्हाळा गुस्ताव्ह आघाडीवर खंदकात होता. आता बोला!

मग चित्रपट केला कोणी? हातच्या काकणाला आरसा कशाला, ऑब्रे म्हणाला, बायकोनेच केला. आज दुपारी तो दाखवायचा होता आणि नव्या प्रतीवर गुस्ताव्हचं नाव पुसून लिआनचं चढवायचं होतं. तिने चारचौघांत फक्त हो म्हणायचं होतं.

तेवढंच तिच्याने होत नव्हतं. आठवडाभर तिला घास गोड लागला नव्हता. लाज वाटत होती, दुसरं काही नाही.

"मेलेल्या माणसाचं नाव कशाला पुसायचं?" ती म्हणाली. "बिचारा काही सांगायला येणार आहे का?"

"बिचारा!" फिर्मिनने नाक मुरडलं. "रजेवर आला, तयार चित्रपट बघितला आणि आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला. त्याच्या नावापेक्षा तुमचं काय वाईट?"

लिआनने मान खाली घातली. "फिर्मिन, खरं सांग. मी हो म्हणू?"

"कॉलरला एक टाका राहिलाय. हलू नका."

टॅक्सीत ऑब्रे नुसता उत्साहाने फुलला होता. "मादाम, तुमचा स्टुडिओ म्हणजे मासळीबाजार होता म्हणे! आणि म्हणायचं मूकपट!"

"आवाज कुठे नोंदला जायचा तेव्हा?" लिआन जरा हसली. "एकीकडे सुतार ठोकायचे, एकीकडे कॅमेरा चालू. दिग्दर्शक ओरडून ओरडून सांगायचे, हस, पड, मर. कान किटायचे अगदी."

पुढच्या सीटवर फिर्मिन पिशवी मांडीवर घेऊन रस्ता बघत होती.

"बायकांचं श्रेय पुरुषांनी लाटलं," ऑब्रे म्हणाला. "आज निदान एकीचं तरी तिला परत मिळेल."

लिआनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ऑब्रे, त्या उन्हाळ्याबद्दल एक सांगायचं राहिलंय."

"आज विनय नको, मादाम. फार झाला तुमचा विनय."

तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला. पण टॅक्सी थांबवा म्हणायचं धाडस काही झालं नाही.

सभागृह गच्च भरलं होतं. ऑब्रेने भाषण केलं, कागद दाखवले, तारखा वाचल्या. मग लिआनला हात धरून मंचावर नेलं.

"मादाम देव्हाल, ‘नावाडीण’ तुमची, होय ना?"

लिआनने पहिल्या रांगेकडे पाहिलं. फिर्मिन तिच्याकडेच बघत होती. तिने हळूच होकाराची मान हलवली. म्हणा.

"हो," लिआन म्हणाली.

सगळे उठून उभे राहिले. मागच्या रांगेतल्या दोन विद्यार्थिनी तर चक्क रडू लागल्या. लिआनला तोंड वर करवेना. बघा, एवढी मोठी बाई पण किती साधी, लोक म्हणाले. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

ती खाली येऊन फिर्मिनशेजारी बसली आणि दिवे मालवले. संगीत नको असा ऑब्रेचा हट्ट होता, त्यामुळे सभागृहात चिडीचूप. पडद्यावर मार्न नदी आली, नाव आली, वल्हं धरलेली पस्तीस वर्षांची लिआन आली.

फिर्मिनचे ओठ हलत होते. ही इथेही प्रार्थना पुटपुटायला लागली की काय, म्हणून लिआनने कान तिकडे नेला.

"वल्हं सोड," फिर्मिन म्हणत होती.

पडद्यावर लिआनने वल्हं सोडलं.

"वळ. एवढी नको, बये. हां, बस. त्याच्याकडे बघू नकोस, पाण्याकडे बघ."

ती वळली, अर्ध्यात थांबली आणि पाण्याकडे बघू लागली.

"आता रडायचं नाही, लिआन. रडलीस तर सगळं पुन्हा करायला लावीन."

पडद्यावरची लिआन रडली नाही.