नळीभर कर

"आजी, निदान एक तरी ऊ असेल की," पोमाने काकुळतीला येऊन तिसऱ्यांदा विचारलं.

"शोध की. रोज झऱ्यावर डोकं धुते मी," कुसीआजी ठसक्यात म्हणाली.

पोमाने कपाळाला हात लावला. इंका राजाच्या राज्यात दर दहा घरांवर एक नाईक असे, आणि या दहा घरांचा नाईक म्हणून त्यांचा घोर पोमाच्या डोक्याला होता. आजीच्याने आता शेत खणवत नव्हतं की लोकर विणवत नव्हती. अशा म्हाताऱ्यांनी नळीभर उवा वेचून द्याव्यात असा हुकूम होता, म्हणजे फुकट खाणारं कोणी उरायला नको. नळी रिकामी गेली, तर सरकारी कोठारातला मका आजीला मिळणार नव्हता. आणि तपासनीस तर शेजारच्या घरापर्यंत येऊन पोचला होता.

"शेजारणीच्या आणून देतो."

"उसन्या? या वयात राजाला फसवू? कर द्यायचा तो आपल्या हातच्या कष्टाचा."

"मग मर उपाशी," पोमा वैतागून म्हणाला आणि कराकरा डोकं खाजवू लागला.

आजीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि मांडी थोपटली. "ये, ठेव डोकं इथे."

तपासनीस दारात आला, तेव्हा दहा घरांचा नाईक आजीच्या मांडीवर आडवा पडला होता आणि नळी निम्मी भरली होती. तो धडपडून उठायला गेला, तशी आजीने त्याची मान खाली दाबली.

"हलू नकोस. सरकारी काम चाललंय."