पाहुण्यांची सोबतीण

गाडीतून उतरण्याआधीच दातांच्या डॉक्टरीणबाईंनी शाळेचं फाटक दोनदा न्याहाळलं. निळी स्कूटर कुठे दिसली नाही. म्हणून काही त्यांचा जीव भांड्यात पडला नाही, कारण स्कूटर शाळा सुटायच्या वेळेला येणार होती आणि तोवर इथून सटकायला हवं होतं.

स्कूटर त्यांच्या पूर्वीच्या नवऱ्याची. मुलगी दोन वर्षांची असताना त्या घरातून निघाल्या आणि मूल बापाकडे राहिलं. भेटायची बंदी नव्हती. पण एकदा फोन केला तेव्हा तो म्हणाला, ‘आता कुठे ती सावरलीये, थोडं थांब.’ त्या थांबल्या, त्या थांबल्याच. दुसऱ्यांची तोंडं उघडण्यात जन्म गेलेल्या बाईला स्वतःचं तोंड काही उघडता आलं नाही. तिकडून पुन्हा फोन आला नाही, याचा अर्थ त्यांनी आपल्या मनाने लावून घेतला होता.

आता मुलगी तिसरीत होती. तिच्याच कॉन्व्हेंट शाळेच्या सिस्टरांनी ‘मुलांना दातांविषयी चार शब्द सांगा’ म्हणून बोलावलं, तेव्हा शाळेचं नाव ऐकूनच त्या नाही म्हणणार होत्या. तरी हो म्हणाल्या. डोळे भरून बघायचं, ओळख द्यायची नाही आणि निघायचं, एवढंच त्यांनी ठरवलं होतं.

फाटकाशी सिस्टर उभ्या होत्या. त्यांच्या बाजूला बारीक कापलेल्या केसांची एक मुलगी, अंगावर गुडघ्यापर्यंत लोंबणारा लाल पट्टा. इथे प्रत्येक पाहुण्याला एक सोबती मिळे. आल्यापासून परत फाटकापर्यंत त्याने पाहुण्यांचा हात सोडायचा नाही, अशी शाळेची रीत.

“एरवी सोबती सातवीतला असतो,” सिस्टर म्हणाल्या, “पण हिने आठवडाभर माझं डोकं खाल्लं. आम्ही हिला चिमणी म्हणतो.”

चिमणीचं एक बोट सारखं तोंडात होतं. दुसरा हात तिने डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला आणि चालता चालता टकळी सुरू केली. पाहुण्यांच्या नावाचं कार्ड तिने घरी फ्रिजवर लावलं होतं. वडिलांनी ते वाचलं होतं. ती स्वतः तर रोज वाचत होती. डॉक्टरीणबाई ‘हो का, हो का’ करत होत्या आणि त्यांची नजर सभागृहाच्या दारातून आत रांगा चाळत होती.

“माझा दात हलतोय. बघता?”

“नंतर हं, बाळा.”

तिसरीचा वर्ग कुठे बसलाय, हे त्यांनी सिस्टरांना अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं. ज्यांच्या खिशावर पिवळी फीत आहे ते, सिस्टरांनी सांगितलं. सभागृहात पिवळ्या फितींच्या दोन रांगा होत्या. डॉक्टरीणबाई एकेक चेहरा बघत गेल्या आणि पुन्हा पहिल्या चेहऱ्यापासून बघू लागल्या. कार्ड घरोघर गेलं होतं म्हणजे त्यानेही वाचलं असणार. वाचून मुलीला आज घरीच ठेवलं असेल तर?

मग शेजारणीच्या कानात काहीतरी सांगून एक मुलगी हसली. दोन कुरळ्या वेण्या, आणि डाव्या गालावर खळी. पर्समध्ये दोन वर्षांच्या लेकीचा फोटो होता, त्यात होती तशीच. डॉक्टरीणबाईंची नजर तिथेच थांबली.

भाषण त्यांनी कसंबसं रेटलं. सगळी वाक्यं त्या एकाच मुलीला सांगितली. शेवटी न राहवून त्यांनी तिलाच मंचावर बोलावलं, प्लॅस्टरच्या मोठ्या जबड्यावर ब्रश फिरवायला दिला आणि विचारलं, “घरी कोण लक्ष देतं, दात नीट घासतेस की नाही ते?”

“बाबा,” वेण्या म्हणाल्या.

त्यांना ठसका लागला. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला. चिमणीच होती. त्यांनी न बघताच तो घेतला.

शेवटची प्रार्थना पाहुण्यांनी सांगायची, हीही तिथली रीत. सगळ्यांनी डोळे मिटले, सिस्टरांनीसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी मात्र मिटले नाहीत. यासाठीच तर त्या आल्या होत्या. पाण्यासाठी, हवेसाठी, निरोगी हिरड्यांसाठी, सुचेल त्या गोष्टीसाठी त्या देवाचे आभार मानत राहिल्या आणि वेण्यांकडे बघत राहिल्या. मधेच चिमणीने त्यांचा हात घट्ट दाबला. माइक हलला, म्हणून त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. आमेन म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं होतं.

शाळा सुटायची घंटा झाली तशी चहाला नाही म्हणून त्या जवळजवळ पळतच निघाल्या. चिमणी मागे धावत फाटकापर्यंत आली.

“आता बघता?”

वळणावर स्कूटरचा आवाज आला. डॉक्टरीणबाईंनी वाटायला आणलेल्या ब्रशांपैकी एक तिच्या हातात कोंबला, गाडीत शिरल्या आणि सीटवर खाली सरकून बसल्या. काच अर्धी उघडीच राहिली.

स्कूटर अगदी शेजारी येऊन थांबली. तो जाड झाला होता, केस पिकले होते. फाटकातून पिवळ्या फिती बाहेर पडू लागल्या. दोन वेण्या उड्या मारत स्कूटरपाशी आल्या, तशाच पुढे गेल्या आणि एका बाईच्या गळ्यात पडल्या. बाईने तिचं दप्तर घेतलं. बाईच्याही गालावर खळी होती.

चिमणीने अंगावरचा लाल पट्टा काढून शिपायाला परत दिला. पट्ट्याखाली, खिशावर पिवळी फीत होती. ती स्कूटरवर मागे चढून बसली.

“मग? भेटलीस आईला?” त्याने विचारलं.

“भेटले,” हलणाऱ्या दाताला बोट लावत चिमणी म्हणाली, “पण ती सगळा वेळ दुसऱ्याच मुलीकडे बघत होती.”