पिवळं रक्त

आपल्या नवऱ्याला मुलगी द्यायला आलेल्या पाहुण्यांसाठी रत्नाने चहाचं आधण ठेवलं. बाहेर ओसरीवर तिची सासू द्रौपदा, सासूचा भाऊ सोपान आणि घोडेगावकडून आलेले गेणभाऊ बसले होते. नवरा, बाजीराव, खाली मान घालून खांबाला टेकला होता. बोलणी चुलीपर्यंत नीट ऐकू येत होती. पहिलीला सोडचिठ्ठी देऊन माहेरी धाडायची, असं सोपानमामा सांगत होता. तिच्या रक्तातच खोट आहे, म्हणे. एकच लेकरू झालं, तेही पिवळं.

ते लेकरू म्हणजे आठ वर्षांची कल्याणी. जन्मली तीच पिवळ्या डोळ्यांची. गावात, डिंगोऱ्यात, तिच्यासाठी काय करायचं राहिलं होतं? काविळीची माळ घातली, नाकात औषध पिळलं, दोन वर्षं तेल-तिखट तोंडाला लावू दिलं नाही. तरी पोर चार पावलं चालली की धापा टाकत खाली बसे. द्रौपदाने निकाल बाळंतिणीच्या खाटेपाशीच लावून टाकला होता. हे रत्नाच्या माहेरचं. "आमच्या घरात असलं कुणी न्हाई," हे ती लग्नात सांगे, मयतीला गेली तरी सांगे.

नव्व्याण्णव सालच्या दिवाळीनंतर कल्याणीचं पोट डावीकडून फुगलं. जुन्नरच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिला. पाणथरी, म्हणजे प्लीहा, सुजून बेंबीपर्यंत आली आहे, म्हणाले, आणि पुण्याची चिठ्ठी दिली.

पुण्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मुलीचं आणि आईबापांचं, तिघांचंही रक्त तपासायला घेतलं. मग खुर्चीवर बसवून समजावलं. मुलीच्या रक्तातल्या पेशी चपट्या असायला हव्यात, त्या गोल आहेत. पाणथरी त्यांना अडवते आणि फोडते. म्हणून अंगात रक्त नाही आणि डोळे पिवळे. पाणथरी काढली की पेशी गोलच राहतील, पण अशा फुटणार नाहीत.

द्रौपदाचा निरोप आला, पोरीला चाकू लावायचा नाही. पोट फाडलेली पोर उद्या करील कोण? बाजीराव म्हणाला, आई म्हणते तर थांबू. टोमॅटोचे दिवस होते, टेम्पो उभा ठेवून भागणार नव्हतं. तो दुपारच्या एसटीने गावी गेला.

ऑपरेशनच्या कागदावर सही घेताना डॉक्टरीणबाईंनी बापाचं विचारलं.

"बाप गावाला गेला," रत्ना म्हणाली. "मी हितं हाय. कुठं करायची सही?"

आधी लस टोचली, काही दिवस थांबले, रक्ताची बाटली चढवली. ऑपरेशन तीन तास चाललं. तेवढा वेळ रत्ना दाराबाहेर उभीच होती. कुणी बाक दाखवला तरी बसली नाही. आठव्या दिवशी सकाळी कल्याणीने झोपेतून उठून डोळे उघडले तेव्हा त्यातलं पांढरं खरोखर पांढरं होतं. रत्ना तिच्याकडे इतका वेळ बघत राहिली, की पोर म्हणाली, आई, काय झालं?

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सगळं बजावलं. गोळी रोज द्यायची, वर्षानुवर्षं द्यायची. ताप आला की घरगुती काही न करता तडक दवाखाना गाठायचा. मग त्यांनी तिघांच्या रक्ताचे रिपोर्ट पुढ्यात ठेवले. रत्नाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि त्यातल्या एकाखाली चार ओळी मराठीत लिहून मागितल्या.

बाजीरावाने एकदा जरी विचारलं असतं, की तपासणीत काय निघालं, तर तिने त्याच दिवशी सांगितलं असतं. त्याने विचारलं नाही. कल्याणी शाळेत पळत जायला लागली, तरी त्या घरात एकच बोलणं चालू राहिलं. वंशाला पोरगा पाहिजे, आणि तो हिच्या पोटचा नको.

रत्ना चहा घेऊन बाहेर आली. गेणभाऊंनी कप घेतला, पण वर बघितलं नाही. द्यायची ती त्यांची लेक अंजना वीस वर्षांची होती. शरमलेला माणूस हळू बोलतो तसे ते बोलले. "बाई, हे तुमच्या राजीखुशीनं चाललंय ना?"

"हाय की राजीखुशी," सोपानमामा म्हणाला.

"मामा, त्यांनी मला इचारलंय," रत्ना म्हणाली. ती आत गेली, पेटीतून कागद काढून आणला आणि गेणभाऊंच्या हातात दिला. "तुमी लेकीचे बाप हाय. आधी हे वाचा, मग काय ते ठरवा."

वरचं नावगाव इंग्रजीत होतं, ते गेणभाऊंना लागेना. खालच्या ओळी ते बोट ठेवून मोठ्याने वाचू लागले. या रुग्णाच्या रक्तातल्या पेशी जन्मापासून गोल आहेत. स्वतःला त्रास फारसा नाही. पण हा आजार रक्तातून पुढे जातो. होणाऱ्या प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी आहे.

"बघा," द्रौपदा म्हणाली. "मी आठ वर्सं हेच सांगतीय. आता डाक्टरनं लिहून दिलं."

सोपानमामाने मान डोलावली. बाजीराव जमिनीकडे बघत होता. गेणभाऊंनी कागदाची घडी केली आणि पहिल्यांदाच रत्नाच्या तोंडाकडे पाहिलं. तिच्यासाठी त्यांना वाईट वाटत होतं.

"म्हंजी बाई, हा कागद तुमचा?"

"न्हाई, पावणं," रत्ना म्हणाली. "नवरदेवाचा."